निकोलाय मामाचा मत्स्यव्यवसाय

भोयर सर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं पाहत नाहीत, भिंत पाहतात.

चपला दारात काढतात, उंबऱ्याशीच थांबतात आणि मान डावीकडून उजवीकडे इतकी सावकाश फिरवतात की घरच्या बाईला वाटावं, यांना कोळ्याची जाळी दिसली. मग निकाल येतो. "चांगली हाये. साडेचार फूट सहज येते. फक्त ते कॅलेंडर हटवा."

माझ्या मोठ्या भावासाठी दुर्गला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून आम्ही सरांना सोबत नेलं होतं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि सर तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे. मुलीचे वडील अस्वस्थ झाले. "सर, तुमाले काही विचारायचं असंल तर विचारा."

सर म्हणाले, "पश्चिमेच्या खिडकीले पडदा जाड हाये का?"

बिचाऱ्यांना वाटलं, हा काही तरी वास्तुशास्त्राचा दोष असणार. हात जोडून म्हणाले, "नाई जी. पण लावून घेऊ." लग्न जमलं. माझी वहिनी आजही सांगते की तिला नवऱ्याने नाही, भिंतीने पास केलं.

एकदा तर ते एका घरी सांत्वनाला गेले. खोलीत बायका रडत होत्या, भिंतीवर गेलेल्या गृहस्थांचा हार घातलेला फोटो होता. सर बराच वेळ त्या फोटोकडे पाहत उभे राहिले. घरच्यांना वाटलं, केवढा जिव्हाळा! निघताना सर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "जरा बाजूले लावला असता तं मधली जागा मोकळी राहिली असती."

हे सगळं एका प्रोजेक्टरपायी. सोळा एमएमचा जुना, राखाडी रंगाचा, लोखंडी पेटीतला प्रोजेक्टर. दोन माणसांनी उचलावा आणि तिसऱ्याने "सांभाळून" म्हणावं असा. सर भिलाईच्या हुडको वसाहतीत एकटे राहतात. काकू जाऊन आठ वर्षं झाली, एकुलता एक मुलगा प्रशांत विशाखापट्टणमला नोकरीवर आहे. बाहेरच्या खोलीत एकच दिवाण आहे आणि त्याच्यावर प्रोजेक्टर बसतो. पाहुणे चटईवर. शेजारी पत्र्याच्या डब्यात त्याचं सामान: शिलाई मशीनचं तेल, लेन्स झटकायला दाढीचा मऊ ब्रश, तुटलेली फिल्म जोडायची चिकटपट्टी, दोन जादा पट्टे आणि एक रिकामं रीळ. रिकाम्या रिळावर सरांचा फार जीव. "भरलेलं रीळ कोणीही सांभाळते," ते सांगतात. "पण पुढं रिकामं नसंल तं फिल्म जाईल कुठं?"

यंत्राचे नियम सर माणसांनाही लावतात. कुणी लांबण लावून बोलायला लागला की हात वर करतात, "पैले फोकस, मंग गोष्ट." प्रोजेक्टरचा बल्ब तापलेला असताना त्याला धक्का लागला तर तो जातो. म्हणून खेळ संपल्यावर आतला पंखा पाच मिनिटं चालू ठेवायचा आणि कुणी हलायचं नाही. एकदा शेजारच्या नवराबायकोचं भांडण ऐन रंगात असताना सर आत गेले, छताचा पंखा पाचवर केला आणि दोघांना म्हणाले, "गरम हाये दोघंही. पाच मिनिट कोणी जागेवरून हलू नका." ते दोघं बसले. म्हणजे काय करतील? पंचाहत्तरी उलटलेला मास्तर पंख्याच्या बटणाशी पहारा देत उभा!

आता मूळ गोष्ट.

आमचा हा गाव पोलादाचा. कारखाना उभारायला आलेली रशियन मंडळी परत गेली, तेव्हा त्यांच्या मागे बऱ्याच वस्तू राहिल्या. कुणाकडे त्यांचे जाड लोकरीचे कोट राहिले, जे भिलाईच्या उन्हात कुणी घालण्याची हिंमत केली नाही. आमच्या शाळेच्या वाट्याला आला हा प्रोजेक्टर आणि एक रीळ. एकच. त्या रिळाची सुरुवात फाटलेली होती, त्यामुळे फिल्मचं नाव काय, विषय काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आवाजही नव्हता. या यंत्रात आवाजासाठी एक वेगळा छोटा बल्ब असतो. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यावर या बल्बचा उजेड पडतो आणि त्या उजेडाचा आवाज होतो. सरांनी मला हे चाळीसेक वेळा समजावलं आहे आणि मला ते अजून कळलेलं नाही. असो. तो छोटा बल्ब प्रोजेक्टर आला तेव्हापासूनच गेलेला होता. आणि असता तरी काय? फिल्म रशियन भाषेत, शाळा हिंदी माध्यमाची, आणि मास्तर मूळचे गोंदियाकडचे.

तेव्हा सरांनी ठरवलं, आवाज आपणच व्हायचं.

दर वर्षी दिवाळीनंतर आठवीच्या वर्गात हा सोहळा व्हायचा. खिडक्यांना काळा कागद लागायचा. चार मुलं प्रयोगशाळेतून प्रोजेक्टर असा आणायची, जणू नवरदेव घोड्यावरून उतरतो आहे. सर फिल्म ओवायचे, दात-चाकांतून, लेन्समागच्या फटीतून, खालच्या रिळापर्यंत. मग दिवा जायचा, खर्रर्र आवाज सुरू व्हायचा आणि भिंतीवर एक नदी यायची.

"देखो बच्चों," सर म्हणायचे, "ये वोल्गा है."

ती वोल्गा होती का? देव जाणे. रशियातली सरांना तेवढीच नदी ठाऊक होती.

मग काठावर एक मोठ्या मिश्यांचा माणूस यायचा. तो निकोलाय मामा. रशियात मामाचं नाव निकोलायच असतं, असं सरांनी आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं. मामाच्या घरात पलंगावर एक जाळी टांगलेली दिसायची. "मामा का मछली पकड़ने का जाल, सूखने डाला है." पलंगावर त्याची छोटी भाची कात्या रजई घेऊन कुडकुडत असायची, बाहेर मात्र लख्ख ऊन. "वहाँ गर्मी में भी इतनी ठंड!" एक बाई कात्याला काही तरी खायला द्यायची आणि कात्या तोंड वाकडं करायची. "पेपरमिंट. वहाँ का पेपरमिंट खट्टा होता है." मग पाण्याच्या आतलं दृश्य. बारीक बारीक जीव वळवळताहेत. "मछली के बच्चे!" आणि शेवटी मामा नळीचा डबा घेऊन डबक्यापाशी यायचा, वाकायचा आणि पाण्यात काही तरी ओतायचा. इथे सरांचा आवाज मायेने भरून यायचा. "मामा दाना डाल रहे हैं. मछलीपालन!"

परीक्षेत प्रश्न असायचा: निकोलाय मामा कोणता व्यवसाय करतात? उत्तर: मत्स्यव्यवसाय. दोन गुण. आमच्या वर्गातला साहू या उत्तराने इतका भारावला की पुढे मत्स्यविभागातच नोकरीला लागला.

आमच्या वर्षी मात्र तो दाणा टाकायचा प्रसंग आला आणि माझ्या शेजारून कुणी तरी उभं राहिलं. तिसरा बाक, आठवी ब. तो प्रशांत होता. सरांचाच मुलगा. शाळेत तो वडिलांना सर म्हणायचा, घरी पापा.

"सर, ये मछली नहीं है. मच्छर के बच्चे हैं. हमारे कूलर में भी हैं."

वर्ग हसला. दिवाळी होऊन गेली तरी मास्तरांच्या घरच्या कूलरमधलं पाणी काढलेलं नाही, ही बातमी साठ मुलांना एकदम कळली.

"और मामा दाना नहीं डाल रहा," प्रशांत पुढे म्हणाला. त्याला थांबायचं कुठे ते तेव्हा कळत नव्हतं. "पानी पे परत फैल रही है. तेल है वो."

"सर कौन है?" अंधारातून आवाज आला. "मैं कि तू?"

"आप."

"तो बाहर."

प्रशांत घंटा होईपर्यंत व्हरांड्यात उभा राहिला, आणि नंतरचा एक तासही. संध्याकाळी तो वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून घरी जाताना मला दिसला. दोघांच्या मध्ये दप्तर होतं. त्यानंतर आठवीच्या वर्गात त्याने एकही प्रश्न विचारला नाही. हे मी पाहिलं आहे, कारण त्याच्या शेजारी बसून त्याच्या वाट्याचे प्रश्न नंतर मलाच विचारावे लागले.

शाळेने पुढे प्रोजेक्टर मोडीत काढला आणि निवृत्त होताना सरांनी शाल-श्रीफळ नाकारून तोच मागून घेतला. आता गेल्या वर्षी आमच्या बॅचचा मेळावा ठरला आणि सगळ्यांनी एकच हट्ट धरला: मामा पाहिजे. त्याची तयारी ठरवायला सर माझ्याकडे आले. भिंत पाहिली, बसले, चहा घेतला. आत माझी भाची मनाली अभ्यास करत होती. ती सहा वर्षं रशियात राहून डॉक्टरकी शिकून आली आहे आणि इथे त्या डिग्रीवर आणखी एक परीक्षा द्यावी लागते, तिच्या मागे आहे.

माझ्या जिभेला हाड नाही. मी गमतीत म्हणालो, "सर, तुमचा तो आवाज सुरू झाला असता ना, तर मनालीनं सांगितलं असतं मामा काय बोलून राहिला ते."

सरांनी कप खाली ठेवला.

"हिले रशियन समजते?"

"सहा वर्षं होती तिथं."

"सहा वर्षं! अन् तू मले आत्ता सांगून राहिला, सुधीर?"

त्या दिवसापासून सरांना दुसरं काही सुचेना. साबणाच्या डबीत कापूस घालून, त्यात तो गेलेला छोटा बल्ब ठेवून ते दुर्गच्या, रायपूरच्या दुकानांतून फिरले. एका दुकानदाराने विचारलं, "टॉर्च का है क्या, दादाजी?" सर त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. शेवटी हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत आमच्याच शाळेचा बिसेन सापडला. त्याचं लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप आहे. बिसेनने मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब घेतला आणि त्याला बसेल अशी पितळी खोबण कातायला सुरुवात केली. सर तीन दिवस त्याच्या शेजारी उभे.

"एक सूत डावीकडे, बिसेन."

"सर, एक सूत में तो दुनिया इधर की उधर हो जाती."

"मंग अर्धा सूत."

पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा हंडाभर भुंगे कोंडल्यासारखा आवाज आला. बिसेन म्हणाला, घरची लाइट थरथरते, बॅटरीवर जोडा. बॅटरीवर जोडलं. भुंगे गेले.

रविवारी दुपारी सरांच्या घरी आम्ही चौघं जमलो: सर, मी, मनाली, बिसेन. पडदे लागले. सर मांडीवर आपलं निवेदन लिहिलेली वही आणि हातात पेन घेऊन बसले, जसे आम्ही त्यांच्यासमोर बसायचो. नदी आली. आणि आवाज आला.

मामाचा नव्हता. एक बाई बोलत होती. एकदम करडी, हेडबाईसारखी.

"पैले हे सांग," सर मनालीला म्हणाले, "नदी कोणती?"

"नाम नहीं लिया, आजोबा. बोल रही है कि इस इलाके में बुखार फैला है. मलेरिया."

पेन थांबलं. "मलेरिया?"

"हो. हे पूर्ण मलेरियावर आहे."

जाळी आली. सर म्हणाले, "हे मासे पकडायचं जाळं."

"मच्छरदानी है, आजोबा."

"रजई? थंडी हाये ना तिथं?"

"ठंड लगके बुखार आया है बच्ची को."

"हे पेपरमिंट तं हायेच."

"कुनैन की गोली. बहुत कड़वी होती है."

प्रत्येक उत्तराला सर वहीत एक ओळ खोडत होते. मला हसू आवरेना. बिसेनने तोंडात रुमाल कोंबला होता. मग पाण्यातले जीव वळवळायला लागले आणि माझं हसू कुठे गेलं, मला कळलं नाही.

"अळ्या," मनाली म्हणाली. "मच्छर के लार्वा."

मामा डबा घेऊन आला. वाकला.

"केरोसीन डाल रहे हैं. पानी पे परत बनती है ना, तो लार्वा को साँस नहीं मिलती."

सरांनी हे लिहून घेतलं नाही. फिल्म संपली, मोकळं टोक फटफट करत फिरत राहिलं. त्यांनी बल्ब बंद केला, पंखा चालू ठेवला. पडदा उघडायला कुणी उठलं नाही.

"सुधीर, तू होता ना त्या वर्गात?"

"होतो, सर."

"तो तुझ्याच बाजूले बसे."

"हो."

"त्यानं तेल म्हटलं होतं."

"सर, जाऊ द्या ना जी. किती वर्षं झाली."

"अन् मी काय म्हटलं?"

बिसेन जमिनीकडे पाहत होता.

"सुधीर, मी काय म्हटलं?"

"बाहेर."

सर उठले, पंखा बंद केला. "मंग आता सगळ्याईले सांगा लागते."

"कुणाकुणाला?"

"आठवी. जेवढ्या झाल्या तेवढ्या. चूक शिकवलं तं दुरुस्त करा लागते. ते का मुलाईचं काम हाये का? मास्तरचं हाये."

"आणि प्रशांतला?"

"त्यालेही," सर म्हणाले. मग वहीचं पान उलटत, "त्याचा नंबर येईल."

आणि मग भिलाई-दुर्ग परिसरात जे सुरू झालं, त्याला मोहीम म्हणावं की साथ, हे मला ठरवता आलेलं नाही.

पहिला बळी साहू. सर बस धरून दुर्गला गेले, मत्स्यविभागाच्या कार्यालयात शिरले, भिंत पाहिली ("फायलींनी खाल्ली पुरी") आणि साहूच्या टेबलापुढे उभे राहिले. साहू गडबडीने उठून पाया पडला. सर म्हणाले, "साहू, मामा मछली नहीं पालते थे. वो मिट्टी का तेल था."

साहूला काही कळेना. कळलं तेव्हा तो बसला. "सर, मैं तो इंटरव्यू में भी वही बताया था!"

"तो उनको भी बता दे."

"सर, वो सब रिटायर हो गए."

"पता दे उनका."

साहूने मला फोन करून विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, इतकी बरी मी कधी पाहिली नाही.

मेळाव्यात जेवणाआधी सरांनी उभं राहून सगळ्या बॅचला सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. सरांना ते आवडलं नाही. "टाळ्या कावून वाजवून राहिले? चूक झाली माझी. लिहून घ्या." आणि चाळिशी उलटलेली माणसं कागदी नॅपकिनवर लिहून घेऊ लागली.

जे मेळाव्याला नव्हते त्यांना सर गाठत गेले. हुडकोच्या भाजीबाजारात वांगी निवडणाऱ्या एकीला, बँकेच्या रांगेत तिघांना. एका लग्नात नवऱ्या मुलाचा बाप त्यांचा विद्यार्थी निघाला. सर आहेर देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, स्टेजवर चढले आणि फोटोवाला "सर, इधर देखिए" म्हणत असताना यजमानाच्या कानाशी लागून म्हणाले, "तो दाणा नव्हता. राकेल होतं." त्या फोटोत वराच्या पित्याचा चेहरा असा आलाय की घरच्यांना अजून वाटतं, सरांनी वधूपक्षाबद्दल काही तरी सांगितलं.

कुणी म्हणे, "सर, मुझे तो याद भी नहीं." कुणी म्हणे, "अच्छा हुआ बता दिए." सर वहीतल्या यादीत प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायचे. नापास मुलाला पुन्हा शिकवायला बसावं तशा चिकाटीने त्यांनी आपल्याच चुकीमागे पायपीट केली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. वही भरत आली. एक नाव तेवढं खुणेशिवाय राहिलं आणि ते कुणाचं हे मला विचारावं लागलं नाही.

प्रशांत वाईट मुलगा नाही. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येतो. सरांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे अर्ध्या गल्लीला तो पाठ आहे. औषध घेतलं? घेतलं. सिलिंडर आला? आला. ठीक, रखता हूँ. दोन मिनिटं, कधी त्याहून कमी.

मी एकदा छेडलं, "सर, एक विद्यार्थी राहिला तुमचा."

"त्याले असं फोनवर कसं सांगू? सिलिंडर झाला का ठेवते तो. दिवाळीले येतो म्हणे. समोर बसवून सांगतो."

सरांनी दिवाळीसाठी खोली आवरली. पहिल्यांदाच प्रोजेक्टर दिवाणावरून खाली उतरवला आणि तिथे धुतलेली चादर घातली. दिवाळीच्या दोन दिवस आधी प्रशांतच्या कारखान्यात शटडाऊनचं काम निघालं. सुट्टी रद्द.

पुढच्या रविवारी मी फराळाचा डबा द्यायला गेलो होतो. अकरा वाजले. फोन वाजला.

"पापा, औषध घेतलं?"

"घेतलं."

"सिलिंडर?"

"आला."

"ठीक. रखता हूँ."

"थांब," सर म्हणाले. आणि उभे राहिले. चटईवरून उठायला त्यांना वेळ लागतो, पण पूर्ण उभे राहिल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही. "प्रशांत, आठवीत तुले मी वर्गाच्या बाहेर केलं होतं. तू म्हटलं तेल हाये. मी म्हटलं दाणा. ते तेलच होतं. तू बरोबर होता. मी चूक होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग प्रशांत म्हणाला, "कब की बात है, पापा?"

"आठवीतली. फिल्म दाखवली होती ना."

"कौनसी फिल्म?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांना सांगून झालं होतं. कोण हसेल, कोण जाऊ द्या म्हणेल, कोण रागावेल, सगळ्याची त्यांनी तयारी केलेली होती. हे उत्तरही त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं आणि खूण करून पुढे गेले होते. पण या एका तोंडून ते येईल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. जी गोष्ट ते एवढी वर्षं उरात घेऊन बसले होते, ती त्या मुलाकडे नव्हतीच.

"मामाची फिल्म. निकोलाय मामा."

"मले तं काही आठवत नाई, पापा. तुम्ही टेन्शन नका घेऊ. तबीयत ठीक है ना? कोई है क्या वहाँ?"

"मी आहे रे, सुधीर," मी म्हणालो. "ठीक आहेत ते."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुटलो. मुलगा विसरला, आपणही विसरू. मी तर फोन बंद करायला हातही पुढे केला होता. सरांनी तो हात बाजूला केला.

"तुले आठवत नाई तं माफी कशाची मागतो मी?" ते म्हणाले. "तुले टाइम हाये का? वीस मिनिट."

पलीकडे कुणी तरी काही विचारलं. प्रशांतने तोंड फोनपासून बाजूला करून उत्तर दिलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हां, पापा. बोला."

सर दिवाणावर बसले, त्या धुतलेल्या चादरीवर. "तं पाय, सुरुवात फाटलेली हाये. नाव-गाव काही नाई. एकदम नदी येते. मी तुमाले सांगितलं का हे वोल्गा हाये."

"थी क्या?"

"मले काय माहीत? मले तेवढीच माहीत होती."

फोनमधून फसकन हसू आलं. मी फराळाचा डबा घेऊन आत गेलो आणि विनाकारण चहा ठेवला. बाहेर सरांचा आवाज चढत होता. तो आवाज मी आठवीनंतर ऐकला नव्हता. कात्या कुडकुडली, तिने तोंड वाकडं केलं, मामाने मिशीवरून हात फिरवला, आणि प्रशांत मध्येच विचारत होता: गर्मी में रजई? आपने बोला और सबने मान लिया? जाळं पलंगावर कोण वाळवते, पापा? प्रश्नामागून प्रश्न. सर एकेकाला उत्तर देत होते. "पुढं ऐक ना तू," म्हणत होते, आणि पुढे जायची त्यांना काही घाई नव्हती.

मी तीन कप भरले, मग एक परत भांड्यात ओतला आणि दोन घेऊन दाराशी आलो.

"...अन् मंग मामा डबा घेऊन येते. डबक्यापाशी वाकते. अन् पाण्यात..."

सर थांबले. पलीकडचा कुकरही बंद झाला होता. मला वाटलं, लाइन कटली.

"फिर?" प्रशांत म्हणाला. "पापा? काय टाकलं मामानं?"

सरांनी फोन दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ आणला.

"तू सांग," ते म्हणाले.